तुमच्या जवळपास नवीन कोणीच नाहीये

अभिनंदन. इतकी वर्षं शहरात खुराड्यात काढलीत, आता उपनगरात आलात. घरात उजेड येतो, गाडी लावायला जागा आहे, रात्री बेडकं ऐकू येतात, आणि डेटिंग अ‍ॅप उघडलं की चौथ्याच स्वाइपला स्क्रीनच्या मधोमध तुमचाच फोटो, त्याच्याभोवती विहिरीत दगड टाकल्यासारख्या गोल गोल लाटा आणि खाली एक ओळ, की तुमच्या जवळपास नवीन कोणीच नाहीये. आता खिडकीतून बाहेर बघा. समोर चौदा मजली बिल्डिंग, जवळजवळ प्रत्येक खिडकीत दिवा. पण अ‍ॅप म्हणतंय ना कोणी नाही, मग नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय सोडा, इथे राहायचंय तुम्हाला.

पहिलं काम म्हणजे रेडियस वाढवा. सगळे तेच करतात. ५ किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे साधारण ७९ चौरस किलोमीटर, तेच ५० केलंत की ७,८५० च्या आसपास, म्हणजे अंतर दहापट आणि इलाखा शंभरपट, असा फायद्याचा सौदा बाजारात दुसरा सापडणार नाही. एवढंच की अ‍ॅप अंतर मोजतं ते कावळ्याच्या हिशोबाने, सरळ रेषेत. मधे नदी आहे, हायवे आहे, रेल्वेचे रूळ आहेत आणि पूल पार तिकडे लांब आहे हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे "२ किमी" लिहिलेली व्यक्ती प्रत्यक्षात दोन गाड्या बदलून पाऊण तासावर निघते आणि "३४ किमी" वाली सरळ लाइनवर असल्यामुळे तेवढ्याच वेळात. आणि हो, तुम्ही ५० केलंत म्हणून समोरचा थोडीच ५० करतो, त्याचं ५ वरच आहे आणि त्याच्या यादीत तुम्ही नाहीच. पण तुम्ही स्वाइप करत राहा. अंगठ्याला व्यायाम होतो.

जवळ कोण आहे ते अंतराने दाखवायची आयडिया २००९ ला आलेल्या ग्राइंडर या डेटिंग अ‍ॅपने रुजवली, मग २०१२ ला टिंडर आलं आणि डावं-उजवं सुरू झालं, म्हणजे नको तो फोटो डावीकडे सरकवायचा, हवा तो उजवीकडे. माणसांची गर्दी उसळलेल्या शहरात ही आयडिया झकास चालते. जिथे रात्री नऊनंतर रस्त्यावर फक्त कुत्री आणि डिलिव्हरीवाले असतात तिथे ती कशी चालावी, याचा विचार बहुतेक कोणी केला नसावा. करायची गरजही नव्हती म्हणा, पैसे भरले की तेच अ‍ॅप तुम्हाला दुसऱ्या शहरात बसवतं. शेजारी कोणी सापडत नाही म्हणून परदेशातल्या कोणाशी तरी "हाय" करायची सोय, आणि आपण ती विकत घेतो.

समजा जुळलं. आता भेटायचं कुठे? तुमच्या इथे यायला समोरच्याला लांब, तिथे जायला तुम्हाला लांब, म्हणून मधलं ठिकाण. मधलं ठिकाण म्हणजे जिथे दोघांनाही जायचं नाहीये अशी जागा. चेझारे मार्केटी नावाचे एक इटालियन भौतिकशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की वाहन कुठलंही असो, पायी चालणारा असो की मोटारवाला, माणूस दिवसाला सरासरी तासभरच प्रवास करायला राजी असतो. तुमचा तो तास सकाळी स्टेशनला पोचेपर्यंतच संपलेला असतो, डेटला जाताना तुम्ही उधारीवर चाललेले असता. हे समोरच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत जाणवून द्या. "बाप रे, काय लांब आहे हे" अशी सुरुवात फार चांगली. मग दर दहा मिनिटांनी शेवटच्या गाडीची वेळ बघा. उपनगरातली डेट चांगली झाली की वाईट हे ती दोघं ठरवत नाहीत, टाइमटेबल ठरवतं.

आणि याला आपण म्हणतो कॅज्युअल. दीड तास जायला, दीड तास यायला, इस्त्रीचा शर्ट, छत्री, पॉवर बँक, घरी सांगायला एक खोटं कारण आणि ते पक्कं करायला एक मित्र. अहो, गडावर जाताना लोक यापेक्षा कमी तयारी करतात.

कॅज्युअल म्हणजे नक्की काय हे मात्र अजिबात बोलू नका. प्रोफाइलमध्ये "बघू कसं होतंय" लिहा. समोरच्यानेही तेच लिहिलंय. तुमच्या "बघू" चा अर्थ शनिवारपुरतं आणि समोरच्याच्या "बघू" चा अर्थ आईला कधी भेटवायचं, हे तीन महिन्यांनी रडारड होऊन कळेलच की, आत्ताच एका वाक्यात विचारून मजा कशाला घालवायची. प्रोफाइलचं निघालंच आहे तर फोटो सहा टाका, त्यातले तीन मित्रांच्या घोळक्यातले, म्हणजे तुम्ही कोण हे ओळखायचं कोडं समोरच्याने सोडवावं, एक गॉगलमधला, एक गाडीच्या बॉनेटवर टेकलेला आणि एक २०१७ चा. खाली "ट्रॅव्हल आवडतं" असं लिहा. रोज तीन तास करता, आवडत असणारच.

हिंज नावाचं डेटिंग अ‍ॅप म्हणतं की आम्ही गेल आणि शॅपली या दोघांचं अल्गोरिदम वापरतो. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी १९६२ मध्ये हे गणित मांडलं, दोन गटांतल्या माणसांच्या अशा जोड्या कशा लावायच्या की मागाहून कोणाला कोणाबरोबर पळून जावंसं वाटणार नाही. शॅपलींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे टिंडर आलं त्याच वर्षी, योगायोग बघा. या गणितातली एक गोष्ट मला फार आवडते. जी बाजू पुढाकार घेऊन विचारते, तिच्या पदरात तिला शक्य असलेली सगळ्यात चांगली जोडी पडते, आणि जी बाजू नुसती बसून राहते तिला शक्य असलेल्यातली सगळ्यात डावी. हे कागदावर सिद्ध झालेलं आहे, नकार पचवत पचवत खाली येणाऱ्याचंच शेवटी भलं होतं. म्हणून तुम्ही आधी मेसेज करूच नका. आपण काय हावरे आहोत का. बंबल या अ‍ॅपने २०१४ मध्ये बाईनेच आधी बोलायचं असा नियम आणला, त्यासाठी चोवीस तास दिले, तेव्हा किती पुरुषांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, की चला, आता न बोलण्याला अधिकृत कारण मिळालं.

तुमच्या उपनगरात यादीत एकूण अकरा जण आहेत, त्यातले दोन ऑफिसातले, एक तुमची जुनी भानगड, आणि एक चुलतभाऊ. त्यावर नोबेलवालं गणित लावा, बघा काय निघतंय.

जुन्या भानगडीवरून आठवलं. घोस्टिंग. शहरात माणूस रिप्लाय बंद करतो आणि खरंच भूत होतो, परत दिसत नाही. इथे ते भूत तुमच्याच जिममध्ये येतं. तुमच्याच डेंटिस्टकडे वेटिंगमध्ये बसलेलं असतं. रविवारी सकाळी दुकानात दुधाच्या पिशव्यांपाशी दोघांचा हात एकाच पिशवीवर पडतो आणि मग "अरे तू!" "अरे हो!" "फोन खराब झाला होता." पाच महिने? असो. त्यामुळे इथे सभ्यपणे एक ओळ लिहून नाही म्हणणं परवडतं, पण तुम्ही तसं करू नका, त्याऐवजी दूध दुसऱ्या दुकानातून आणायला लागा. मी एका माणसाला ओळखतो, तो याच कारणासाठी स्टेशनला लांबच्या रस्त्याने जातो, चार वर्षं झाली. चांगलं वजन उतरलंय.

एक मुद्दा मात्र मी टोमणा म्हणून सांगत नाहीये. २०१४ मध्ये सुरक्षेवाल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की टिंडरकडून बाहेर पडणारे अंतराचे आकडे वापरून, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून अंतर बघितलं तर माणूस नेमका कुठे बसलाय ते काढता येतं. ते भोक बुजवलं गेलं. पण विरळ वस्तीत "१ किमी" म्हणजे दोनचार बिल्डिंगाच असतात, आणि फोटोत मागे तुमच्या गेटची कमान दिसत असली तर संशोधक पण लागत नाही. पहिली भेट चार माणसांत, आणि कुठे चाललोय ते एका तरी मित्राला खरं सांगून. बस. आता परत मूर्खपणाकडे वळू.

डेटिंग जाऊ दे, निदान चार मित्र तरी हवेत असं काही लोकांना वाटतं. त्यांच्यासाठी सांगतो, याही बाबतीत घाई नको. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निघालं की तोंडओळखीचं कामचलाऊ मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणायला ९०, आणि जिवाभावाचा व्हायला २०० च्या वर. महिन्यातून एकदा दोन तास कॉफी प्यायलात तर कामचलाऊ मित्र तयार व्हायला पंचवीस महिने. तोवर तुमचं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट संपलेलं असतं. पण त्याच पंचवीस महिन्यांत ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीची नंबर प्लेट बघत तुम्ही किती तास काढलेत ते मोजू नका, त्रास होतो. त्या हिशोबाने ती नंबर प्लेट तुमची जिवलग आहे.

प्लॅटफॉर्मवर रोज तुमच्या डाव्या हाताला उभा असतो तो माणूस बघा. तीन वर्षं झाली. त्याचा चष्मा बदलला ते तुम्हाला कळलं, त्याला सर्दी झालेली कळते, मधे आठवडाभर आला नाही तेव्हा तुम्हाला उगाच चुकल्यासारखं झालं. नाव माहीत नाही. स्टॅनली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये अशा लोकांवर लिहून ठेवलंय, त्यांना म्हणायचं ओळखीचे अनोळखी. विद्यार्थ्यांना स्टेशनवर पाठवून गर्दीचे फोटो काढले, मग तेच फोटो प्रवाशांना दाखवून विचारलं, यातलं कोण ओळखीचं वाटतं. सरासरी निघाली चार. चार चेहरे रोजचे, आणि कोणीही कोणाशी बोललेलं नाही, कारण इतकी वर्षं बोललो नाही तर आता काय तोंडाने बोलणार. त्यातली गंमत अशी की हाच माणूस घरापासून खूप लांब, परदेशात वगैरे दिसला तर आपण मिठी मारायच्या बेताने धावतो, असं मिलग्रमचं म्हणणं. म्हणजे उपाय सोपा आहे. त्याच्या मागे मागे विमानतळापर्यंत जा आणि दुसऱ्या देशात उतरल्यावर हाय म्हणा. उद्या सकाळी प्लॅटफॉर्मवरच "आज गर्दी कमी आहे नाही?" असं म्हणणं हा शॉर्टकट झाला, आणि शॉर्टकट घेणाऱ्यांचं पुढे काय होतं आपण बघतोच, लग्नबिग्न होतात.

घराजवळची पथ्यं त्याहून महत्त्वाची. लिओन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते ते तपासलं, १९५० मध्ये छापून आलं. लगतच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के मित्र निघाले, एक दार सोडून पलीकडे गेलं की २२, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १०. स्वभाव जुळणं, आवडीनिवडी, ग्रह, काही नाही, दार किती लांब आहे एवढंच. आणि जिन्याजवळ, पत्रपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यापर्यंत पोचलेल्या, कारण येणारा-जाणारा दिसतोच आणि दिसला की बोलणं होतं.

यावरून काय शिकायचं? जिन्यापासून लांब राहायचं. बेसमेंटमधनं लिफ्टने थेट आपल्या मजल्यावर, कानात इअरफोन घातलेले, गाणं चालू नसलं तरी चालेल. लिफ्टमध्ये कोणी असलं तर आकडे बदलतात तिकडे एकटक बघा, जसं काही त्यावर मॅच चालू आहे. पार्सल दारात ठेवायला सांगा. बिल्डिंगचा ग्रुप म्यूट करा, तिथे तसंही पाण्याच्या टाकीची वेळ आणि कोणाच्या तरी कुंडीतलं पाणी एवढंच असतं, आणि सातव्या मजल्यावर कोणीतरी शनिवारी बोर्ड गेम खेळायला बोलावतंय ते मधेच येऊन खाली निघून गेलेलं असतं.

आमच्याकडे मागच्या महिन्यात लिफ्ट बंद पडली. चार दिवस. पहिल्या दिवशी सगळे करवादले. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्याच्या वळणावर एकीला दम खायला थांबलेलं बघून मी पण थांबलो, मला पण दम लागलाच होता, आणि कळलं की ती आठव्यावर राहते, रात्रपाळी करते, दोन वर्षं आहे इथे, आणि वरून तबल्याचा आवाज येतो म्हणून मी ज्याला शिव्या घालायचो तो माणूस म्हणजे तीच. तिसऱ्या दिवशी कोणीतरी वळणावर एक खुर्ची आणून ठेवली. चौथ्या दिवशी तिथे सहा जण उभे होते, खुर्चीवर पाचव्या मजल्यावरच्या काकू, आणि कोणाला घरी जायची घाई दिसेना.

पाचव्या दिवशी सकाळी लिफ्ट सुरू झाली. रोज फोन करकरून पाठपुरावा मीच केला होता.