हार्वेच्या रात्री घरात थांबलेली माणसं हट्टी नव्हती

दर पावसाळ्यात टीव्हीवर चिपळूण किंवा सांगलीचं पाणी दिसायला लागलं, की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक जुना मजकूर पुन्हा फिरतो. यंदाही आला. तो थोडक्यात असा:

"२०१७ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनवर हार्वे चक्रीवादळ आलं. चार दिवस आधी सूचना होती. घरटी दोन गाड्या आणि आठ पदरी रस्ते होते. तरी महापौरांनी शहर रिकामं केलं नाही, लोकही हट्टाने घरात बसले आणि बुडाले. वादळ तर किनाऱ्याला लागल्यावर एका दिवसात साधं झालं होतं. विमा सगळ्यांनाच असतो, त्यामुळे नवीन घरं मिळाली. आपल्याकडच्या पूरग्रस्तांनी यातून निदान वेळेवर निघायला शिकावं."

मी ह्यूस्टनच्या नैऋत्य भागात, ब्रेज बायूपासून दीडेक किलोमीटरवर राहते. बायू म्हणजे इथली संथ वाहणारी छोटी नदी. शहरातून अशा बऱ्याच बायू जातात आणि सगळ्या शहराचं पाणी त्यांच्यातूनच समुद्राकडे जातं. हार्वेत आमच्या घरात गुडघ्याच्या जरा खाली पाणी आलं. माझी आई चिपळूणची. ती तेव्हा आमच्याकडे आलेली होती. वाशिष्ठीचं पाणी तिने आयुष्यभर पाहिलंय. म्हणून या मजकुरातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. एका शहराच्या बुडण्याची चुकीची गोष्ट सांगायची आणि तिने दुसऱ्या गावच्या बुडालेल्यांना हाणायचं, हे मला पटत नाही.

"चार दिवस आधी सूचना होती."

नव्हती. कॅरिबियन समुद्र ओलांडताना हार्वे विरून गेलं होतं, त्याचे नुसते अवशेष उरले होते. मेक्सिकोच्या आखातात २३ ऑगस्टच्या सकाळी ते पुन्हा कमी दाबाचं क्षेत्र म्हणून उभं राहिलं. २५ ऑगस्टच्या रात्री दहाच्या सुमारास ते रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा ते चौथ्या श्रेणीचं होतं आणि वारे ताशी २१५ किलोमीटरचे होते. मधे अडीच दिवस. रॉकपोर्ट ह्यूस्टनपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. तिकडच्या किनाऱ्यावरच्या लोकांना निघायला सांगितलं होतं आणि पुष्कळ लोक निघालेही.

ह्यूस्टनला प्रचंड पाऊस पडणार, हे हवामान खात्याने आधीच स्पष्ट सांगितलं होतं. ते नाकारायचं कारण नाही. पण एवढ्या पसरलेल्या शहरात तो नेमका कुठे जास्त पडेल आणि कोणती बायू आधी फुटेल, हे कुणालाही सांगता येत नव्हतं. सगळा प्रश्न तिथेच होता.

"शहर रिकामं करायला हवं होतं."

हा मुद्दा नीट सांगायला हवा, कारण इथे ह्यूस्टनने आधी एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. मुंबईत २६ जुलै झाला त्याच वर्षी, सप्टेंबर २००५ मध्ये, रीटा नावाचं चक्रीवादळ टेक्सासकडे निघालं होतं. तीन-चार आठवड्यांपूर्वीच कत्रीनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं होतं. लोक घाबरले होते, आणि पंचवीस लाखांहून अधिक माणसं एकाच वेळी रस्त्यावर आली. शेकडो किलोमीटरच्या रांगा लागल्या. ऊन पस्तीस अंशांच्या वर. पेट्रोल संपलेल्या गाड्या कडेला लागल्या होत्या. माझ्या ऑफिसातली एक सहकारी तेव्हा दोन लहान मुलांना घेऊन ऑस्टिनला निघाली होती. एरवी तीन तासांचा तो रस्ता. तिला बावीस तास लागले. वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेल्या एका बसला डॅलसजवळ आग लागली आणि २३ जण गेले. त्या पलायनात एकूण शंभराहून अधिक माणसं दगावली. आणि रीटा आयत्या वेळी वळून टेक्सास-लुईझियानाच्या सीमेकडे गेलं.

हार्वेच्या वेळी महापौर सिल्व्हेस्टर टर्नर आणि हॅरिस काउंटीचे (ह्यूस्टन ज्यात येतं त्या जिल्ह्याचे) प्रमुख एड एमेट यांच्यासमोर हा अनुभव होता. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी लोकांना निघण्याचा विचार करा असं सुचवलं होतं, म्हणजे सरकारी पातळीवरही एकमत नव्हतं. ह्यूस्टन आणि आसपासच्या वस्तीची लोकसंख्या तेव्हा एकोणसत्तर लाखांच्या घरात होती. इतक्या लोकांना अडीच दिवसांत बाहेर काढायचं म्हटलं, तर त्यांतले लाखो लोक पावसाच्या पहिल्या रात्री गाडीतच असते.

इथे एक जुना नियम आहे: वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा. पण त्यातलं पाणी म्हणजे समुद्राची लाट. किनाऱ्यालगतचे पट्टे त्यासाठी आधीच आखलेले असतात. कुणी निघायचं आणि कोणत्या क्रमाने, हे ठरलेलं असतं. पावसाच्या पाण्याला असा पट्टा नसतो. हॅरिस काउंटीत सुमारे १,५४,००० घरांत पाणी शिरलं. आकडा भयंकर आहे, पण काउंटीतल्या इमारतींच्या मानाने तो साधारण दहात एक पडतो. आणि या बुडालेल्या घरांपैकी दोन तृतीयांश घरं नकाशावरच्या शंभर वर्षांच्या पूरपट्ट्याच्या, म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराच्या पट्ट्याच्या, बाहेर होती. मग कुणी निघायचं होतं? आमचंही घर त्या पट्ट्याबाहेर. आमच्या मागच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, आमच्यात शिरलं. मधे फरक होता तो जमिनीच्या वीतभर उंचीचा.

"आठ पदरी रस्ते होते."

होते, आणि ते पाण्याने भरले. ह्यूस्टनच्या सपाट जमिनीवर गटारांत मावेनासं झालेलं पाणी रस्त्यात साठावं अशीच आखणी असते, म्हणजे घरं कोरडी राहतात. महामार्गाचे काही भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल आहेत, पुलाखाली उतरणारे आहेत. टेक्सासमध्ये हार्वेने थेट ६८ बळी घेतले. तीन सोडून सगळे पावसाच्या पुरातले, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त हॅरिस काउंटीतले. गाड्यांमध्ये अडकून बुडालेले त्यात बरेच होते. सुरक्षित जागी निघालेलं सहा जणांचं एक कुटुंब, पणजी-पणजोबा आणि चार पतवंडं, व्हॅनसकट ग्रीन्स बायूच्या पाण्यात गेलं. पहाटे कामावर निघालेला एक पोलीस अधिकारी पुलाखालच्या पाण्यात गेला. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, आणि रात्री ते पाणी फूटभर आहे की पुरुषभर, हे काचेतून दिसत नाही.

"हट्टाने घरात बसले."

आमच्या घरातली रात्र सांगते. शनिवारी, २६ ऑगस्टला, संध्याकाळी पाऊस इतका कमी झाला होता की आईने विचारलं, "एवढंच होतं का गं?" रात्री दहानंतर तो जो सुरू झाला, तो थांबेचना. फोनवर दर थोड्या वेळाने भोंगा वाजत होता, कधी वावटळीचा इशारा, कधी पुराचा. दीड वाजता रस्ता दिसेनासा झाला, साडेतीनला पाणी अंगणात आलं, आणि चारच्या सुमारास दाराखालून नाही, तर फरशीच्या कडेने, भिंतीच्या बुडातून ते आत झिरपायला लागलं.

आई घाबरली नाही. तिने पहिल्यांदा पासपोर्ट आणि औषधं उचलली, मग तांदूळ, मग माझ्या मुलाची शाळेची पुस्तकं. मेन स्विच बंद करायला तिनेच लावला. मग म्हणाली, "चला, माळ्यावर." चिपळूणला त्यांनी हेच केलेलं. पाणी वर आलं की माळ्यावर जायचं, आणखी वर आलं तर कौलं सरकवून छपरावर यायचं.

इथे ते चालत नाही. इथल्या माळ्याला प्लायवूडचं छप्पर ठोकलेलं असतं, त्याला खिडकी नसते आणि सरकवायला कौल नसतं. पाणी चढलं तर माळा म्हणजे बंद पेटी. न्यू ऑर्लिन्समध्ये लोक असे माळ्यावर अडकून मेले होते. म्हणूनच त्या रात्री ह्यूस्टनचे पोलीस आणि अधिकारी पुन्हा पुन्हा सांगत होते, की जवळ कुऱ्हाड असल्याशिवाय माळ्यावर चढू नका, थेट छपरावर जा. आमच्याकडे कुऱ्हाड नव्हती. नवऱ्याने गॅरेजमधून मोठा हातोडा आणि पटाशी आणून शिडीपाशी ठेवली. आई त्या हातोड्याकडे बघत राहिली. तिच्या घराला जे आपोआप होतं, ते इथे फोडून काढावं लागणार होतं.

तशी वेळ आली नाही. पाणी पलंगाच्या उंचीखाली थांबलं. आम्ही डायनिंग टेबलावर मुलाला झोपवलं आणि उजाडायची वाट पाहिली. रविवारी दुपारी चार घरं पलीकडचा शेजारी मासेमारीची सपाट बुडाची होडी ढकलत आला. त्याने आम्हाला दोन गल्ल्यांपलीकडे एका दुमजली घरात सोडलं. तिथे आधीच तीन कुटुंबं होती. आम्ही त्यातल्या एकालाही ओळखत नव्हतो. त्या आठवड्यात अशा शेकडो खाजगी होड्या शहरभर फिरत होत्या, लुईझियानाहूनही लोक आपापल्या होड्या गाड्यांमागे ओढत आले होते. शहराच्या मुख्य अधिवेशन केंद्रात, जॉर्ज ब्राउनमध्ये, ठरवलेल्या क्षमतेच्या दुप्पट, म्हणजे सुमारे दहा हजार माणसं राहिली.

पहाटे चार वाजता आई आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आम्ही गाडी काढली असती, तर तो शहाणपणा ठरला असता का? मी हा प्रश्न स्वतःला खूपदा विचारला आहे. आमची गल्ली ज्या पुलाखालून मोठ्या रस्त्याला लागते, तिथलं पाणी नंतर खांबावरच्या खुणेवर मी पाहिलं. ते माझ्या डोक्याच्या वर होतं.

"एका दिवसात साधं वादळ झालं होतं."

ही चूक फार धोक्याची आहे आणि ती भारतातही होते. श्रेणी एक ते पाच ही फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरते. पाऊस त्यात मोजतच नाहीत. २६ तारखेच्या दुपारी हार्वेचा वारा उतरला आणि त्याला 'हरिकेन'ऐवजी 'उष्णकटिबंधीय वादळ' म्हणायला लागले, पण त्याला पुढे ढकलणारा वारा वातावरणात उरला नव्हता. ते जवळजवळ जागच्या जागी घुटमळत राहिलं आणि उबदार आखातातून पाणी ओढत राहिलं. ह्यूस्टनमधला सगळा विनाश हे नाव बदलल्यानंतरचा आहे. नेडरलँड या गावी एकूण १,५३९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुण्याच्या दोन वर्षांच्या पावसाएवढा, आठवड्याच्या आत. हवामान खात्याला पावसाच्या नकाशात जांभळ्याच्या दोन नव्या छटा घालाव्या लागल्या, कारण जुने रंग संपले होते. २००१ मधलं ॲलिसन वादळ तर हरिकेन कधी झालंच नव्हतं, तरी त्याने इथे वीसहून जास्त माणसं नेली आणि टेक्सास मेडिकल सेंटरची तळघरं भरली. त्यानंतर तिथे पूररोधक दारं बसली, म्हणून हार्वेत तिथली बहुतेक इस्पितळं चालू राहिली.

"विमा सगळ्यांनाच असतो."

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. त्यासाठी वेगळा विमा, बहुतेकदा सरकारी योजनेतला, घ्यावा लागतो, तो घेतल्यावर तीस दिवसांनी लागू होतो, आणि घरासाठी त्याची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. तो सक्तीचा असतो तो नकाशावरच्या पूरपट्ट्यात कर्ज काढून घेतलेल्या घरांना. हॅरिस काउंटीत पाणी शिरलेल्या घरांपैकी सुमारे ६४ टक्के घरांना तो नव्हता. आम्हालाही नव्हता. घर घेताना एजंट म्हणाला होता, तुमच्या भागात गरज नाही, आणि आम्ही ऐकलं. पातळ तक्त्यांच्या भिंती चार फुटांपर्यंत कापून काढल्या, त्यांच्यात उष्णता अडवायला भरलेला कापसासारखा ओला थर उपसला, सगळं रस्त्याच्या कडेला टाकलं. गल्लीत दोन्ही बाजूंना छातीएवढे ढीग होते, त्यात सोफे होते, फोटोंचे अल्बम होते. मराठी मंडळातली पोरं दोन शनिवार येऊन राबली. बाकी पैसे आमच्या बचतीतले. नवीन घर कुणी दिलं नाही.

या मजकुरात खरं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी आधी माणसं हलवायला हवीच होती. ह्यूस्टनजवळच्या डिकिन्सन गावातल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या बायका कमरेएवढ्या पाण्यात खुर्च्यांवर बसल्या आहेत, असा फोटो जगभर गेला. त्या सुटल्या, पण त्यांना तिथे राहू द्यायला नको होतं. दुसरी जागा पश्चिमेकडची. ॲडिक्स आणि बार्कर ही धरणं शहराला पुरापासून वाचवायला १९४० च्या दशकात बांधली. ती एरवी कोरडी असतात. त्यांच्या पोटातली, पाणी कधीतरी येणारच अशी जमीन पुरती संपादन केली गेली नाही आणि पुढे तिथे हजारो घरं उभी राहिली. फोर्ट बेंड काउंटीच्या काही आखणी-नकाशांवर छोट्या अक्षरांत तशी टीप होती, पण घर घेताना ती किती जणांनी पाहिली असेल! २८ ऑगस्टला पहाटे दरवाजे उघडून पाणी खाली सोडावं लागलं, तेव्हा वरच्या अंगाची घरं साठलेल्या पाण्यात होती आणि खालची सुटलेल्या पाण्यात गेली. वरच्या लोकांच्या बाजूने २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला आणि केंद्र सरकारला जबाबदार धरलं. हट्टाचा शोध घ्यायचाच असेल, तर तो अशा ठिकाणी घ्यावा. घरात रात्र काढणाऱ्या माणसांत तो सापडणार नाही.

हार्वेला वर्ष झालं त्या दिवशी, २५ ऑगस्ट २०१८ ला, काउंटीच्या मतदारांनी पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरचं कर्ज सुमारे ८५ टक्के मतांनी मंजूर केलं. मीही मत दिलं. त्याच सप्टेंबरपासून शहराने नियम केला, की पाचशे वर्षांच्या, म्हणजे आणखी विरळ पुराच्या, पट्ट्यातलं नवं घर त्या पुराच्या पातळीच्या दोन फूट वर बांधायचं. आमच्या गल्लीच्या टोकाला आता तसं एक घर उभं आहे, सात पायऱ्या चढून जावं लागतं. आई मागच्या खेपेला आली तेव्हा त्या पायऱ्या मोजून आली. आमच्या घराला एकच पायरी आहे.