रंगीत काच लावली की आयुष्यभर बघायला नको? थांबा जरा

पुण्यातल्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "जिलेटीनवर पैसे घालवू नका, रंगीत काच कापून आणा, कुठल्याही लाइटला लावा, आयुष्यभर बघायला नको." (जिलेटीन म्हणजे लाइटपुढे लावायची रंगीत पारदर्शक पातळ शीट.) पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी लागल्या की पोरं हे वाचून सरळ काचवाल्याकडे जातील, म्हणून लिहितोय.

"रंगीत काच आयुष्यभर टिकते." कुठली काच? साधी रंगीत काच नको तो प्रकाश शोषते, म्हणजे तापते, आणि मध्ये जास्त, फ्रेमखालच्या कडेला कमी, त्या ताणानं तडकते. 1000 वॅटच्या पार (PAR) लाइटला, म्हणजे स्टेजवर टांगतात त्या डब्यासारख्या दिव्याला, ती लावलीत तर तुकडे खाली उभ्या असलेल्या नटावर पडणार, हे मला अजिबात चालत नाही. टिकते ती डायक्रोइक. त्यात काचेवर निर्वातात अतिशय पातळ थर चढवलेले असतात, ते नको तो रंग शोषत नाहीत, परत फेकतात, त्यामुळे रंग उडत नाही. दुकानात ओळखायचं कसं, तर काच हातात धरून तिरकी करा. रंग बदलला तर डायक्रोइक, तसाच राहिला तर साधी.

"कुठल्याही लाइटला लावा." वर जो रंग बदलला ना, तोच इथे नडतो. प्रकाश तिरका पडला की डायक्रोइकचा रंग निळ्याकडे सरकतो, म्हणून स्पॉटला मस्त चालते पण पसरट फ्लडला मध्ये एक रंग आणि कडेला दुसराच.

"जिलेटीन म्हणजे पैसे पाण्यात." दोन प्रयोगांच्या एकांकिकेला काच कशाला? नावाला जिलेटीन, आता ते प्लॅस्टिकच असतं आणि फिका अंबर भरपूर चालतो. जळतो तो रात्रीच्या सीनचा गडद निळा, कारण तो जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो, माल हलका असतो म्हणून नाही. त्यामुळे सारखे प्रयोग असतील, लाइट स्वतःचे असतील, तर पहिली काच गडद निळ्याची घ्या, बाकीचं नंतर बघू.

"बघायला नको." बघावं लागतं. बोटांचे तेलकट डाग, ओरखडे, सगळं नडतं. फ्रेममध्ये काचेला फुगायला थोडी जागा सोडा, घट्ट आवळू नका, पुढे जाळी लावा आणि फ्रेमला सेफ्टी चेन पाहिजेच.