किनारा शेवटी ठरवा: कोकणातल्या लाँजरी शूटबद्दल थोडं स्पष्ट

कोकणात लाँजरीचं, म्हणजे बायकांच्या अंतर्वस्त्रांचं शूट करायचं ठरलं की पहिली चर्चा किनाऱ्याची होते. आरे-वारे घ्यायचा की भोगवे, की सरळ गुहागर? मग मॉडेल, मग कॅमेरावाला, आणि कपड्यांची बॅग निघायच्या आदल्या रात्री भरली जाते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. ब्राचा फोटो बहुतेक वेळा कटिंगच्या टेबलावरच बिघडलेला असतो. समुद्र फक्त ते सगळ्यांना दाखवतो.

कुर्ता इंचभर सैल असला तर ओढणी सांभाळून घेते. ब्राला अर्धा इंचही लपवता येत नाही. कप, अंगाभोवतीचा बॅण्ड, मागचे विंग (बॅण्डचे पाठीकडचे भाग), दोन कपांमधला पूल, वायर आणि तिचं केसिंग (ती ज्या नळीत बसते ते), स्ट्रॅप, रिंग-स्लायडर, हुकाची पट्टी, प्रत्येक काठाचं वेगळं इलॅस्टिक असे वीसेक तुकडे सहज होतात, आणि ते मिलिमीटरच्या हिशोबाने जुळावे लागतात. आधाराचं मुख्य काम बॅण्ड करतो, स्ट्रॅप नाही. म्हणून विंगच्या पॉवरनेटचा (घट्ट, ताणणाऱ्या जाळीदार कापडाचा) जास्त ताण अंगाभोवती आडवा जायला हवा. कापड वाचवायला कटिंग मास्तरांनी तुकडा उभा फिरवला, की बॅण्ड पाठीवर वर चढलाच. इलॅस्टिक काठापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी घ्यायचं, म्हणजे ३० सेंमीच्या काठाला २६-२७ सेंमी. त्याहून कमी घेतलं तर चुण्या पडतात आणि मांस वर येतं, जास्त घेतलं तर काठाला लाटा येतात. स्टुडिओतल्या समोरच्या फ्लॅशमध्ये या लाटा दिसत नाहीत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येकीची सावली पडते. वायरचंही तसंच. केसिंगमध्ये दोन्ही टोकांची मिळून साधारण सेंटिमीटरभर जागा मोकळी हवी, नाहीतर मॉडेल वाकली की टोक काखेत टोचतं आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

सॅम्पल बहुधा ३४-बी (बॅण्ड ३४, कप बी) मध्ये शिवलेला असतो आणि येणारी मॉडेल असते ३२-सी. कपाचं आकारमान जवळपास तेच, बॅण्ड मात्र सैल. मग पाठीमागे बुलडॉग क्लिप लावून काम भागवलं जातं. क्लिपेने बाजूची शिवण मागे खेचली जाते, कप चपटा होतो, आणि पाठीचा फोटो तर घेताच येत नाही. खरेदी करणाऱ्या बाईला पाठच बघायची असते! फिटिंग निदान आठवडाभर आधी घ्या, बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर, कारण नवी ब्रा तिथूनच वापरायला सुरू करायची असते. हात वर करायला लावा, बसवा, वाकवा. आरशापुढे सरळ उभं राहून कुठलीही ब्रा चांगली दिसते.

रंग हा माझा आवडता विषय, आणि इथे कोकण खरंच कामाला येतं. आमसुलाचा गडद लाल, सुरंगीच्या फुलाचा पिवळट पांढरा, जांभ्याचा विटकरी, होडीच्या बुडाशी साचलेलं हिरवं शेवाळ. मूडबोर्डवर (शूटचे रंग-नमुने लावलेल्या फलकावर) हे चार रंग असले तर मालदीवचं कॅटलॉग समोर ठेवायची गरज नाही. पण आमसुलाने कापड रंगवायचा मोह आवरा. त्यातलं रंगद्रव्य आम्ल-अल्कलीप्रमाणे बदलतं, साबण लागला की गेलं. आमसूल फक्त छटा ठरवायला घ्या. नायलॉन ॲसिड डायने रंगतं, पॉलिस्टर डिस्पर्स डायने. लेस नायलॉनची, इलॅस्टिकवरचा धागा पॉलिस्टरचा आणि शिलाईचा दोरा तिसऱ्याच गिरणीचा असला, तर एकाच ब्रावर तीन आमसुलं दिसतात. ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जुळलेली दिसतात आणि वाळूत उभी राहिली की वेगळी होतात. लॅबडिपचे (रंगाऱ्याने नमुन्यादाखल रंगवलेले) तुकडे दुपारच्या उन्हात, सावलीत आणि दिव्याखाली, तिन्हीकडे पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

आणि तो ‘स्किन कलर’! पीचसारखा एकच रंग आपल्याकडे अजून त्या नावाने विकला जातो. अख्ख्या किनारपट्टीवर तो किती जणींच्या अंगाचा आहे, ते बाजारात एक चक्कर मारली तरी कळतं. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या कांतीसाठी निदान तीन छटा काढा. नाहीतर त्या रंगाचं शूट करू नका.

जागेचा रंग कपड्यावर चढतो, हे फार कमी जण धरून चालतात. जांभ्याच्या भिंतीजवळ पांढरी ब्रा नारिंगी दिसते, पोफळीच्या वाडीत कातडी हिरवट दिसते. भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे या, त्या बाजूने काळं कापड धरा आणि समोरून पांढरा थर्माकोल. रत्नागिरीच्या मांडवीची काळसर वाळू खालून उजेड परत देत नाही, त्यामुळे काळी लेस तिथे नुसता काळा डाग होते. तिच्यासाठी फिकट वाळू आणि बाजूचा उजेड हवा. बारीक पॉवरनेटवर कॅमेऱ्यात पाण्यासारख्या रेघा उठतात. तेव्हा कॅमेरा दोन पावलं मागे-पुढे करा. नंतर एडिटिंगमध्ये त्या नीट जात नाहीत.

आता वेळ. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगर आणि माडांच्या मागून येतो, त्यामुळे वाळूवर बराच वेळ मऊ सावली राहते. लेस, शिवण, पोत यांचे जवळचे फोटो तेव्हाच काढा, आणि पांढरे कपडे मेकअपने मळायच्या आधी. पहाटेचा वारा जमिनीकडून असतो, दुपारनंतर खारा वारा सुटतो. मग रोब उडतो, थर्माकोल उडतो आणि लेन्सवर मिठाची साय येते.

संध्याकाळी ओल्या वाळूचा आरसा हवा असेल तर तिथी बघा. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला किंवा अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. शिवाय उधाणाचे दिवस, पाणी लांब हटलेलं. अष्टमीला नेमकी सहालाच भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, आणि सिंधुदुर्गात पाणी रायगडाइतकं हटत नाही हेही. चांगला उजेड फार तर तासभर टिकतो. कपडे बदलणं धरून त्यात तीन लूक होतात. पाच लिहिलेत तर दोन अंधारात जातील.

पाण्यातला लूक सर्वांत शेवटी, आणि त्यासाठी वेगळा सॅम्पल. फोमचे कप पाणी पितात आणि गळत राहतात, ते पाण्यात नेऊच नका. पातळ पांढरं कॉटन ओलं झालं की पारदर्शक होतं, त्याला आतून अस्तर हवंच. ॲव्होबेन्झोन असलेलं सनस्क्रीन पांढऱ्या कापडाला लागलं आणि ते लोहाचं प्रमाण असलेल्या विहिरीच्या पाण्यात धुतलं, तर गंजासारखे डाग पडतात. जांभ्याच्या भागात हे ध्यानात ठेवा. इस्त्रीऐवजी स्टीमर, त्यात गाळलेलं पाणी, आणि लाइट जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टर असलेलंच घर घ्या.

मॉडेलने सकाळपासून सैल गाऊन घालावा, घट्ट इलॅस्टिकचं काहीच नको. अंगावरचे वळ जायला तासभर तरी लागतो. कपडे बदलायला चारी बाजूंनी बंद तंबू हवा, सेटवर मोजकी माणसं, आणि मोबाइल बाहेर. ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि मेरीटाइम बोर्ड यांना आधी विचारा. रविवारी पर्यटकांच्या गर्दीत कॅमेरा लावून मग गावाला मागासलेलं म्हणण्यात अर्थ नाही. खासगी वाडीचा किनाऱ्याला लागून असलेला तुकडा भाड्याने घेतला तर निम्मे प्रश्न सुटतात.

करारात ‘फोटो कंपनीचे’ एवढंच लिहू नये. कुठे वापरणार, किती वर्षं, कापून-जोडून दुसऱ्या जाहिरातीत घालणार का, हे सगळं लिहा आणि निवडलेले फोटो तिला दाखवा. रिटचिंगची सूचनाही कागदावर द्या: सुटलेला दोरा आणि वाळूचे कण काढायचे, शिवण, स्ट्रेच मार्क आणि काखेजवळची वळी ठेवायची. कंबर आत दाबली की तिच्यासोबत बॅण्डही वाकतो, आणि पार्सल उघडणाऱ्या बाईच्या हातात मग फोटोतला कपडा येत नाही. माल परत येतो, आणि दोष साइज चार्टला दिला जातो.