अर्ध्या तासाचं गरम पाणी

गेल्या महिन्यात आजीला घेऊन राजापूरजवळच्या उन्हाळे गावी, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन आलो. कोल्हापुरातून पहाटे निघायचं, अणुस्कुरा घाट उतरायचा, पाचल, ओणी करत राजापूर. गुडघे धरले की उन्हाळे, हे आमच्या घरात आजोबांपासूनचं. आजीचे गुडघे तर उकिडवं बसून म्हशींच्या धारा काढण्यातच गेले. तिथं महालक्ष्मीचं देऊळ आहे. "आपल्या आंबाबाईचंच रूप" म्हणत तिनं आधी ओटी भरली, मग पाण्याकडं वळली.

गोमुखातून कढत धार पडते. लुगड्यासकट खाली बसली, पाय पसरले, वीस मिनिटं चकार शब्द नाही. मग म्हणाली, "गुडघं हलकं झाल्यात बघ." रात्री घरी. सकाळी जिना चढताना पुन्हा "आई गं!"

पाणी खोटं नाही. आपली घाई खोटी आहे.

इंग्लंडातल्या बाथ गावचं उदाहरण घ्या. रोमनांनी पहिल्या शतकापासून तिथल्या ऊन झऱ्याभोवती स्नानगृहं बांधली. 1742 मध्ये तिथं खास या पाण्यासाठी दवाखाना उघडला. शिसं अंगात भिनून हातपाय लुळे पडलेले रोगी तिथं यायचे, त्यात रंगारीही असत, कारण रंगात शिसं असायचं. गळ्यापर्यंत पाण्यात बसवायचे, तेही वरचेवर. मला हे वाचून थापच वाटली होती. पण गळ्यापर्यंत बुडालं की पाण्याच्या दाबानं हातापायातलं रक्त छातीकडं सरकतं, मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात आणि तिच्यावाटे शिसंही जास्त बाहेर पडतं. म्हणजे गुण नुसत्या पाण्यातल्या क्षारांचा नव्हे, बुडून बसण्याचा. शिवाय तेवढे दिवस माणूस शिशापासून लांब!

चेक देशातल्या कार्लोव्ही व्हॅरी गावच्या ऊन झऱ्यांत लोक तासन्‌तास डुंबायचे. 1522 साली पायर नावाच्या वैद्यानं पुस्तक लिहून सांगितलं, नुसतं डुंबू नका, पाणी प्या. आजही तिथं माणसं चोचीचे पेले घेऊन घोट घोट पीत फिरतात. फ्रान्समध्ये डॉक्टरनं लिहून दिलं तर अशा पाण्याच्या 18 दिवसांच्या उपचाराच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी आरोग्यविमा उचलतो. अठरा दिवस! आपण अर्ध्या तासात चमत्कार मागतो. तालमीत एक दिवस अंगाला माती लावून कोण पैलवान झालाय?

(कोकणात ज्वालामुखी पेटलाय म्हणून पाणी तापतं, असं आमच्या गल्लीत एकजण छातीठोकपणे सांगतो. तसं नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं.)

भाबडेपणाही नको. 1978 मध्ये बाथच्या पाण्यात मेंदूला घातक अमीबा सापडला आणि तिथलं स्नान बंद झालं. नवीन स्नानगृह उघडायला 2006 उजाडलं. आपल्या उन्हाळे गावीही पाणी तपासणारं कुणीतरी हवं, नाकातोंडात जाऊ देऊ नये, हृदयाचा त्रास असणाऱ्यानं आधी डॉक्टरला विचारावं. बायकांना कपडे बदलायला धड आडोसा हवा, राहायला साधी खोली हवी, आठवड्यातून दोनदा तरी एखादा वैद्य हवा. संगमरवर कुणी मागत नाही.

दिवाळीनंतर चार दिवस राहायलाच जाऊ, असं मी आजीला म्हटलं. तिनं चष्म्यावरनं बघितलं.

"आणि म्हशीची धार कोण काढणार, तू?"