‘नवरा गेला, हक्क गेला’ हे कायद्यात कुठेच नाही

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: सासरच्या मालमत्तेत विधवेला स्वतःचा हक्क नसतो, असतो तो फक्त मुलांचा. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर ती त्यांच्या मर्जीवर राहते. काही मिळालंच तर ते हयातीपुरतं, आणि दुसरं लग्न केलं की तेही जातं. सातबाऱ्यावर नाव नसेल तर विषयच संपला. पाठवणारे बहुतेक जण चांगल्या हेतूने पाठवत असतील, पण हा मजकूर वाचून एखादी बाई गप्प बसली तर तिचं आयुष्यभराचं नुकसान होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘हक्क मुलांचा, तिचा नाही.’ हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मधल्या पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवा पत्नी आहे, मुलगा, मुलगी आणि आई यांच्या बरोबरीने. नवऱ्याने मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत या सगळ्यांना समान वाटा. मूलबाळ नसेल तर हक्क नाही, असंही काही जण पुढे जोडतात. प्रत्यक्षात मूल नसेल तर ती आणि सासू अशा दोघीच वारस उरतात, आणि सासूही हयात नसेल तर सगळं तिचं. सासरे आणि दीर दुसऱ्या वर्गात येतात. पहिल्या वर्गातला एक जरी वारस हयात असला तरी त्यांची पाळी येत नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत ‘तिथे तर बायकांचा संबंधच नाही’ असं ठासून सांगितलं जातं. सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेला मगदूम खटला १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तो इथे पाहण्यासारखा आहे. वारलेल्या मगदूम यांच्यामागे विधवा, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. न्यायालयाने आधी असं धरलं की नवऱ्याच्या मृत्यूपूर्वी वाटप झालं असतं तर काय झालं असतं. आपल्याकडच्या हिंदू कायद्याप्रमाणे बाप आणि मुलगे वाटप करतात तेव्हा आईलाही मुलाइतका वाटा मिळतो, म्हणून नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार वाटे पडले. तिचा १/४ झाला. मग नवऱ्याच्या १/४ चे सहा वारसांत वाटे केले, त्यातून तिला आणखी १/२४. एकूण ७/२४. पुढे २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या हिस्सेदार) झाल्या, त्यामुळे आज हिशेब वेगळा येईल. पण तिला एकदा वाटपात आणि पुन्हा वारस म्हणून, असं दोन्हीकडून मिळतं, हे कायम आहे.

‘घर सासऱ्यांचं, तर ती पाहुणी.’ या विधानात अर्धं खरं आहे. सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईने घेतलेल्या घरावर त्यांच्या हयातीत सुनेची मालकी नसते. (मुलाचीही नसते.) ते गेल्यावर मात्र, मृत्युपत्र नसेल तर, आधी वारलेल्या मुलाची विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे. समजा मागे सासू, दोन हयात मुलं आणि गेलेल्या मुलाची बायको व तिची दोन लेकरं आहेत. वाटे चार. त्यातला एक गेलेल्या मुलाच्या शाखेचा, म्हणजे सून आणि लेकरं मिळून तिघांना प्रत्येकी १/१२.

आणि मालकी नाही म्हणजे राहण्याचा हक्कही नाही, हे तर साफ चूक. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ चं कलम १७ सांगतं की सामायिक घरात, म्हणजे लग्नाच्या नात्याने ती जिथे राहते किंवा राहत होती तिथे, राहण्याचा हक्क बाईला आहे, त्या घरात तिचा मालकी हक्क असो वा नसो. ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश आहुजा खटल्यात सांगितलं. मे २०२२ चा प्रभा त्यागी निकाल तर एका विधवेच्याच अर्जावरचा आहे: अर्ज करताना ती त्या घरात राहत नसली तरी तिचा हा हक्क बुडत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा धाक घालून सुनेला घराबाहेर काढलं जातं, त्याबद्दलही डिसेंबर २०२० चा एस. वनिता निकाल आहे. त्या कायद्याखालचा आदेश सुनेचा राहण्याचा हक्क सरसकट पुसू शकत नाही. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्याही अडचणी खऱ्या असतात, आणि न्यायालय कधी पर्यायी घराची सोयही लावून देतं. पण रात्री कुलूप बदलून तिच्या पिशव्या ओट्यावर ठेवणं हा कायद्याचा मार्ग नाही.

‘हयातीपुरतं’ आणि ‘दुसरं लग्न’. या दोन्ही समजुती जुन्या, संपलेल्या कायद्यांच्या आहेत. १९३७ च्या कायद्याने विधवेला खरोखरच मर्यादित हक्क दिला होता. १९५६ च्या कलम १४ ने तिला पूर्ण मालक केलं, तेव्हा वारसाने आलेला आपला वाटा ती विकू शकते, गहाण ठेवू शकते, त्याचं मृत्युपत्र करू शकते. एखाद्या मृत्युपत्रातच ‘हयातीपुरतं’ असं बंधन घालून मिळकत दिली असेल तर बाब वेगळी. पुनर्विवाह केल्यावर पहिल्या नवऱ्याची मिळकत जाण्याची तरतूद १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात होती. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. नवरा गेला त्या क्षणी मिळालेला वाटा नंतरच्या लग्नाने परत जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येही स्पष्ट केलं आहे.

‘सातबाऱ्यावर नाव नाही.’ सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, त्याने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. थोरल्या दिराच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं दिसलं तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागलेलं नाव आहे, जमीन त्यांची एकट्याची झालेली नाही. विधवेचं नाव कब्जेदारांत (जमिनीचे मालक म्हणून) न घेता ‘इतर हक्क’मध्ये टाकलं असेल तर तिथेच हरकत घ्यायला हवी.

हक्क जातो तो बहुतेक वेळा सहीने. दिवस अजून व्हायचे असतात, घरात पाहुणे असतात, आणि कुणीतरी ‘बँकेचं काम आहे, वहिनी’ म्हणत कागद पुढे करतो. तो हक्कसोड पत्राचा असतो, नाहीतर कुलमुखत्यारपत्राचा, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा. स्थावर मिळकतीचं हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, नुसत्या नोटरीने हक्क सुटत नाही. तरीही वाचल्याशिवाय सही नको, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. लहान मुलांच्या वाट्यावर काकांना सही करता येत नाही, वडिलांमागे आईच त्यांची नैसर्गिक पालक आहे.

सातबाऱ्यासाठी मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायचा. कायद्यात तीन महिन्यांत कळवायला सांगितलं आहे, उशीर झाला म्हणून वारसा बुडत नाही. अर्जाची पोच घ्यायची. फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर होऊन नाव वगळलेलं दिसलं तर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. वाटपाचा दावा मात्र दिवाणी न्यायालयातच. वकिलाचे पैसे नसले तर तालुका विधी सेवा समितीकडे जा: बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.