फुशारकी मारा, पण इंग्रजीत

मिशांना तूप लावून मिरवायचे दिवस गेले. मिशा फॅशनने नेल्या, तूप डॉक्टरांनी बंद केलं. तेव्हा बढाई मारायचीच असेल तर ती इंग्रजीत मारा. फक्त शब्द पारखून घ्या, कारण या दुकानात एकाच मालाचे दर वेगवेगळे आहेत.

'बोस्ट' हा त्यातला खानदानी. तो निर्जीव वस्तूंनाही चालतो. बिल्डरची जाहिरात वाचा: त्यांचं संकुल पोहण्याचा तलाव 'बोस्ट' करतं, क्लबहाऊस 'बोस्ट' करतं. (तलावातलं पाणी टँकरचं, हे कोणीच बोस्ट करत नाही.) 'ब्रॅग'ला ती सोय नाही, त्याला माणसाचं तोंडच लागतं. म्हणून आपण करतो ते बोस्ट आणि शेजारी करतो ते ब्रॅग, एवढं पाठ केलंत तरी निम्मं काम झालं. 'क्रो' म्हणजे कोंबड्यासारखं आरवणं. त्यासाठी समोर शक्यतो कोणीतरी आपटलेला हवा. आणि पेपरवाल्यांनी तुमच्या योजनेला 'मच-व्हाँटेड' (म्हणजे जिचा फार गाजावाजा झाला ती) म्हटलं, तर पेढे वाटू नका. ते विशेषण बहुधा योजना बोंबलल्यावरच लागतं.

विद्वत्ताही दाखवायची असेल तर 'ब्रॅगाडोशिओ' वापरा. एडमंड स्पेन्सरच्या १५९० सालच्या 'द फेअरी क्वीन' या काव्यात या नावाचा एक महाभाग आहे. दुसऱ्याचा घोडा आणि भाला ढापून हा सरदार म्हणून हिंडतो आणि खरी लढाई दिसली की पाय लावून पळतो. पुढे बिंग फुटतं, तेव्हा त्याची दाढी भादरतात, तलवार मोडतात. त्याआधी रोमन नाटककार टेरेन्सने थ्रासो नावाचा असाच एक बढाईखोर शिपाई रंगवला होता. त्याच्यावरून 'थ्रेसॉनिकल' आलं आणि शेक्सपिअरने ते थेट सीझरच्या 'आलो, पाहिलं, जिंकलं'ला चिकटवलं. फ्रान्समधल्या गॅस्कनीकरांच्या नशिबी तर अख्ख्या प्रांताची बदनामी आली: 'गॅस्कनेड'. तुम्हीही ध्येय असंच उत्तुंग ठेवा. इतकी मारा, की उद्या शब्दकोशात तुमच्या आडनावाचं क्रियापद व्हावं.

'बॉम्बास्ट', म्हणजे पोकळ, फुगवलेली भाषा, हा शब्दही हाताशी असू द्या. तो मुळात कापूस. सोळाव्या शतकातले इंग्रज छाती भरदार दिसावी म्हणून तो डगल्यात कोंबायचे. आमच्या यवतमाळच्या शेतकऱ्याला कापसाचा भाव मिळो न मिळो, छातीतल्या कापसाला कधी मंदी आलेली नाही.

पण हे सगळं जुनं झालं. आजचं चलनी नाणं म्हणजे 'हम्बलब्रॅग', नम्रतेच्या पदराआडून मारलेली फुशारकी. हॅरिस विटेल्स या अमेरिकन विनोदी लेखकाने २०१० साली ट्विटरवर असे नमुने गोळा करायला घेतले आणि शब्द जगभर झाला. माल मात्र आपल्याकडे आधीपासून होता. लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका जिलबी मोडता मोडता सुस्कारा टाकतात, "आमच्या चिरंजीवांचं काही खरं नाही बघा. न्यू जर्सीत एवढं मोठं घर घेऊन बसलाय, झाडायचं कोणी? सूनबाई पण डॉक्टर, तिला वेळ कुठला!" आपण हळहळायचं की अभिनंदन करायचं, हे ठरेपर्यंत मठ्ठा येतो.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की अशा नम्र बढाईपेक्षा सरळसोट बढाई मारणारा लोकांना जास्त आवडतो. तिकडे साफ दुर्लक्ष करा. लोकांना आवडायचं असतं तर आपण लिंक्डइनवर कशाला गेलो असतो?

तिथली पोस्ट लिहायची रीत सोपी आहे. सुरुवात 'हम्बल्ड' आणि 'ऑनर्ड'ने करा. मग स्मृतिचिन्ह हातात धरलेला फोटो, ज्यात पाहुण्यांचं अर्धं डोकं कापलं गेलं तरी चालेल. मग टीमचे आभार, नावं न घेता. शेवटी 'हा पुरस्कार माझा नाही, तुम्हा सर्वांचा आहे' हे वाक्य टाका. पुरस्कारासाठी नोंदणी शुल्क किती भरलं, ते मात्र एकट्याचंच असू द्या.