व्होल्टेज कमी झालं की गिझरचं बिल वाढतं? अजिबात नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, गिझर २००० वॅटचा, म्हणून व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट खेचतो, मीटर जोरात पळतं, बिल वाढतं, तेव्हा गिझरला स्टॅबिलायझर लावा. लोक खरंच पैसे घालवतायत म्हणून लिहितोय.

फॉर्म्युला बरोबर आहे, लावलाय चुकीचा. गिझरवर लिहिलेले २००० वॅट हे २३० व्होल्टला आहेत, ते काही कायमचे नाहीत. कायम राहतो तो आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा. २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे साधारण २६.५ ओहम, आणि ही कॉइल नायक्रोम या मिश्रधातूची असते त्यामुळे तापली तरी हा आकडा फारसा हलत नाही. आता १८० व्होल्ट भागिले २६.५ करा, ६.८ अँपिअर येतात. २३० ला ८.७ होते. म्हणजे करंट वाढला नाही, कमी झाला! परवा संध्याकाळी आमच्याकडे १८० च होतं, मी फेजच्या वायरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावून बघितलं, पावणेसातच्या आसपास दाखवत होता. आणि पॉवर पडते १२२५ वॅटवर, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घसरते.

मग बिल? मीटर नुसते अँपिअर मोजत नाही, व्होल्टेज आणि करंट दोन्ही बघून युनिट मोजतं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीला न्यायला ०.६१ युनिट लागतं, व्होल्टेज काहीही असो. पूर्ण व्होल्टेजला १८ मिनिटं लागतील, १८० ला अर्धा तास. आंघोळीला उशीर होईल, बिलात फरक नगण्य. एलईडी आणि चार्जर कमी व्होल्टेजला खरंच जास्त करंट घेतात, पण वॅट साधारण तेवढेच राहतात, म्हणून तिथेही बिल वाढत नाही.

स्टॅबिलायझरचं तर उलटंच आहे. तो १८० चे २३० करून देतो तेव्हा गिझर पुन्हा पूर्ण २००० वॅट घेतो, आणि ते येणार त्याच १८० च्या लाईनमधून, म्हणजे ११ अँपिअरच्या वर. मेसेजमध्ये ज्याची भीती घातलीय तो वाढीव करंट स्टॅबिलायझरच आणतो, त्याने लाईन अजून दबते, वर त्याचा स्वतःचा लॉस. फ्रिजला लावा, तिथे कॉम्प्रेसर वाचतो. गिझर, इस्त्रीला पैसे घालवू नका.

मेसेज खरा ठरतो तो मोटारीला, आणि नेमकं तेच त्यात नाहीये. शेतातल्या पंपाला पाणी तर तेवढंच उचलायचं असतं, व्होल्टेज पडलं की रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, मागे पडतो, त्याच्या वेगातली ही तूट म्हणजे स्लिप, ती वाढते आणि मोटार जास्त करंट ओढते. वाइंडिंगची, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीची, उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट २० टक्के वाढला तर उष्णता ४४ टक्के! भर उन्हाळ्यात पीक वाळत असताना मोटार जळून रिवाइंडिंगला टाकायची वेळ येते ती यामुळे. करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतो म्हणून लोक तो वगळून मोटार डायरेक्ट करून टाकतात, बघून जीव तुटतो. असं करू नका. मोटारीच्या नेमप्लेटवर फुल लोड करंट दिलेला असतो, ओव्हरलोड रिले त्यावर सेट करा, आणि ट्रिप झाला की आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा, मगच परत चालू करा.